सायक्लोफॉस्फामाइड : प्राणिभ्रूणावरील प्रायोगिक परिणाम

कर्करोगाच्या केमोथेरपीत वापरले जाणारे अल्किलीकारक (डीएनएला रासायनिक गट जोडणारे) औषध. नायट्रोजन मस्टर्ड वर्गातील हे द्रव्य जर्मनीतील नॉर्बर्ट ब्रॉक व सहकाऱ्यांनी १९५८ च्या सुमारास पुढे आणले. वेगाने विभागणाऱ्या पेशींवर त्याचा आघात होतो आणि भ्रूणपेशी तशाच असल्याने विरूपजननाच्या (भ्रूणात विकृती निर्माण होण्याच्या) अभ्यासात ते वारंवार वापरले गेले. गाभण माऊस व रॅट यांना अवयव घडण्याच्या काळात दिल्यास पिलांत दुभंगलेली टाळू, कमी किंवा जोडलेली बोटे आणि उघडा राहिलेला मेंदू आढळतो.

मूळ औषध स्वतः जवळजवळ निष्क्रिय असते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० विकरांमुळे त्याचे ४-हायड्रॉक्सी रूप बनते आणि त्यातून पुढे फॉस्फोरामाइड मस्टर्ड व अ‍ॅक्रोलीन ही दोन द्रव्ये सुटतात. भ्रूणाला इजा यांपैकी कोण करते, हा वादाचा मुद्दा आहे. भ्रूणशास्त्रज्ञ डेनिस न्यू यांनी विकसित केलेल्या पद्धतीने रॅटचे संपूर्ण भ्रूण शरीराबाहेर रक्तरसात (सीरममध्ये) वाढवता येऊ लागल्यावर या प्रश्नाची थेट तपासणी शक्य झाली. अशा संवर्धात (शरीराबाहेरील वाढीच्या माध्यमात) यकृताचा सक्रियक अर्क घातला नाही, तर औषध निष्प्रभ ठरते. मस्टर्ड डीएनएच्या दोन धाग्यांत आडवे बंध घालते. अ‍ॅक्रोलीन मुख्यतः प्रथिने व ग्लुटाथायोन (पेशींतील एक संरक्षक रेणू) यांना चिकटते, त्यामुळे रक्तरसयुक्त संवर्धात त्याचा जोर कमी दिसतो. याउलट संशोधिका बार्बरा हेल्स यांनी १९८२ मध्ये दोन्ही द्रव्ये सरळ रॅटच्या गर्भजलात टोचली, तेव्हा दोन्हींमुळे विकृती आल्या. अ‍ॅक्रोलीन निर्दोष नाही. पण पेशीमृत्यूचे स्वरूप पाहता मुख्य वाटा मस्टर्डचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते. चेतानलिकेच्या (जिच्यापासून मेंदू व मेरुरज्जू घडतात त्या नळीच्या) पेशी मोठ्या प्रमाणात मरतात, तर त्याच भ्रूणातील हृदयाच्या पेशी टिकून राहतात, हे फिलिप मर्क्स यांच्या गटाचे निरीक्षण विशेष लक्षणीय आहे.

नर रॅटला औषध दिल्यास औषध न दिलेल्या मादीच्या पोटातील भ्रूणही दगावतात, असे १९८५ मध्ये दाखवले गेले.

नाशिकमधील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याची भ्रूणाशी ओळख बहुधा ३३, ४८ व ७२ तासांच्या कोंबडीच्या भ्रूणाच्या स्लाइडवर होते. असे प्रयोग अंड्यातही होतात. दुकानातली अंडी चालत नाहीत. नरासह पाळलेल्या कोंबड्यांची फलित अंडी लागतात. दिव्यासमोर धरून हवेची पोकळी हेरायची, बोथट टोकाला बारीक छिद्र पाडून द्राव टोचायचा, मेणाने छिद्र बंद करून अंडे ३७.५ ते ३८° से. तापमानात ठेवायचे. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४०° से.च्या आसपास जातो, तेव्हा बाहेर राहिलेल्या अंड्यात उबवणीआधीच वाढ सुरू होते. म्हणून भ्रूणाचे वय तासांवरून न ठरवता हॅम्बर्गर व हॅमिल्टन यांच्या १९५१ च्या ४६ टप्प्यांशी ताडून पाहावे. कोवळ्या भ्रूणाच्या अंड्याला नुसती खिडकी पाडल्यानेही चेतानलिकेत दोष येऊ शकतात. त्यामुळे केवळ सलाइन टोचलेल्या अंड्यांचा गट सोबत नसेल, तर निष्कर्ष ग्राह्य धरू नये. अंड्यात मातेचे यकृत व वार (अपरा) नसल्याने हे निष्कर्ष सस्तन प्राण्यांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.