मिनी मून वेगळा, क्वासी मून वेगळा

२९ सप्टेंबर २०२४. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत शेजारचा आठवीतला पोरगा दारात हजर. "काका, दुर्बीण काढा ना, आजपासून दोन चंद्र!" पितृपक्ष चालू, सर्वपित्री तीन दिवसांवर. म्हटलं, अरे, पहिलाच पहाटेशिवाय उगवत नाही, दुसऱ्याचं काय घेऊन बसलास?

तो दुसरा म्हणजे २०२४ पीटी५, अर्जुन गटातला, म्हणजे जवळपास पृथ्वीसारख्याच कक्षेत सूर्याभोवती फिरणाऱ्यांपैकी, जेमतेम दहा मीटरचा लघुग्रह. प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका मंद) साधारण २२. ठाण्याच्या उजेडात माझी आठ इंची दुर्बीण तेराव्या प्रतीशीच दमते. हा त्याहून चारेक हजार पट मंद.

हा मिनी मून. पृथ्वीने त्याला २५ नोव्हेंबरपर्यंत कसंबसं धरलं, एक फेरीही पुरी झाली नाही. मला तर त्याला चंद्र म्हणणं जिवावरच येतं. २००६ आरएच१२० मात्र खरा पाहुणा: सप्टेंबर २००६ ते जून २००७ राहिला, पृथ्वीभोवती चार फेऱ्या मारून गेला.

कामोओआलेवा या लघुग्रहालाही बातम्यांत 'दुसरा चंद्र'च म्हणतात. पण पृथ्वीची पकड चालते साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत, आणि हा १.४५ कोटीच्या आत येतच नाही. हा क्वासी मून, सूर्याभोवती फिरणारा.

मग तो आपल्याभोवती फिरतोय असं का वाटतं? ठाण्यातली तळ्याकाठची तलावपाळी आठवा. तळं डावीकडे ठेवून तुम्ही एका चालीने फेरी मारताय, शिवाय एक आजोबाही. दोघांची फेरी एकाच वेळात संपते. पण आजोबा तळ्याच्या कठड्याच्या बाजूला आले की भरभर पुढे निघतात, मग बाहेरच्या अंगाला सरकून रेंगाळतात, मागे पडतात, पुन्हा कठड्याशी येऊन तुम्हाला गाठतात. तेवढ्या फेरीत त्यांनी तुमच्याभोवती एक वळसा घातलेला असतो, तुमच्याकडे न बघता! कामोओआलेवाचंही तसंच: सूर्याजवळ वेग जास्त, लांब गेला की कमी, वर्ष मात्र जवळपास आपल्याइतकंच. पृथ्वीची ओढ त्याला लागते ती एवढीच, की तो फार पुढे-मागे भरकटत नाही.

वळशाची दिशाही बघा. आजोबा तुमच्या डावीकडून पुढे, पुढून उजवीकडे, तिथून मागे: घड्याळाच्या काट्यांसारखे, म्हणजे तळ्याच्या फेरीच्या उलटे. क्वासी मूनही पृथ्वीभोवती असाच उलटा फिरताना भासतो. आपला चंद्र सुलटा.

हे सगळं ऐकून पोरगा म्हणाला, "मग आज काय बघायचं?" ढग जरा फाटले होते. शनी लावून दिला.