रडारवर जहाज एकच, दिसलं मात्र दोन प्रकारचं

भाचा मर्चंट नेव्हीच्या ब्रिज सिम्युलेटर (ब्रिज म्हणजे जहाज चालवायची खोली, तिची स्क्रीनवरची नक्कल) कोर्सला गेला तर आजी म्हणाली, एवढे पैसे भरून व्हिडिओ गेमच खेळायचा होता तर घरी काय वाईट होतं. पण मला विचाराल तर खरा कोर्स गेम संपल्यावर सुरू होतो. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० साली झालेल्या मनिला दुरुस्त्यांपासून बोटीवरच्या ऑफिसरांना टीम म्हणून काम करणं शिकणं बंधनकारक झालंय, आणि टीमची चूक एकट्याला दाखवून कळत नाही.

त्यांच्या एका एक्सरसाइजमध्ये चक्क टक्कर झाली. यांची बोट उत्तरेला १२ नॉट्सने, दुसरी ईशान्येला ४५ अंशावर, ती पश्चिमेला १२ नॉट्सनेच चाललेली. रडारवर प्रत्येक जहाजाला एक रेघ असते, तिला व्हेक्टर म्हणतात; ठरवलेल्या मिनिटांत ते कुठवर पोचेल तेवढी ती लांब. ट्रू व्हेक्टर लावला की ते जहाज खरंच कुठे चाललंय ते दिसतं, म्हणजे पश्चिमेला, आणि बघणाऱ्याला वाटतं की जाईल आरामात आपल्या पुढून. रिलेटिव्ह लावला की त्याच्या गतीतून आपली गती वजा होते (शेजारून जाणारी लोकल आपल्या लोकलमधून हळू चालल्यासारखी दिसते ना, तसं) आणि तीच रेघ नैऋत्येला वळून सरळ आपल्या छातीवर येते. दोन्ही बरोबरच आहेत. रडारवरचा पोरगा ट्रू बघून म्हणाला, "पुढून जातंय." कॅप्टन झालेल्याला वाटलं हा रिलेटिव्ह बघून बोलतोय. उजवीकडून येणाऱ्याला वाट यांनीच द्यायची होती, कोणीच काही केलं नाही.

आता इथे इन्स्ट्रक्टर "दिसलं नाही का तुला?" म्हणाला की संपलं, कारण शेवट कळल्यावर सगळ्यांनाच सगळं आधीपासून दिसत असतं. फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे तपासलं, लोकांना १८१४ च्या इंग्रज-गुरखा युद्धाची माहिती वाचायला देऊन वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे निकाल सांगितले, तर ज्याला जो सांगितला त्याला तोच आधीपासून जास्त शक्य वाटला, आणि निकालाचा आपल्यावर परिणाम झालाय हे कळलंही नाही. म्हणून यांच्या सरांनी रिप्ले टकरीच्या वीस मिनिटं आधी थांबवला आणि प्रत्येकाला कागदावर लिहायला लावलं, आत्ता तू काय बघतोयस आणि शेजारचा काय बघतोय असं तुला वाटतंय. कागद जुळले नाहीत.

हे फक्त पोरांचं नाही. १९९५ मध्ये रॉयल मॅजेस्टी हे क्रूझ जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला जाताना जीपीएस अँटेनाची केबल निघाली, यंत्र अंदाजाने जागा दाखवत राहिलं आणि चौतीस तास कोणाच्या लक्षात आलं नाही, शेवटी अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ १७ मैल भरकटून वाळूत रुतलं. एका बोयाबद्दल (वाट दाखवणारी तरंगती खूण) तर ऑफिसरने तो दिसल्याचं कॅप्टनला सांगूनही टाकलेलं, न बघता.

शुक्रवारी बोट सोडू नये म्हणणारे अजून आहेत, आणि आता कॉम्प्युटरच टीमला मार्क देईल म्हणणारे नवीन आलेत. मार्क देईल हो, पण "शेजाऱ्याला काय दिसतंय असं तुला वाटलं" हे त्याला कोणत्या सेन्सरवरून कळणार?

पुढच्या एक्सरसाइजला भाचा रडारवर होता. आधी मोठ्याने म्हणाला, "व्हेक्टर रिलेटिव्ह, सहा मिनिटं." पलीकडून उत्तर आलं, "रिलेटिव्ह, सहा."