विषाणूंची यादी आणि तिची किंमत

अंधार पडू लागताच गुहेच्या तोंडाशी बारीक जाळे ताणले जाते. त्यात अडकलेले वटवाघूळ जाड हातमोजे घालून सोडवायचे, त्याच्या तोंडातून व गुदद्वारातून नमुने घ्यायचे, पंखाच्या शिरेतून रक्ताचे थेंब काढायचे आणि त्याला सोडून द्यायचे, असे हे काम. पुढची साथ येण्याआधीच प्राण्यांतील अज्ञात विषाणू शोधून त्यांची यादी करायची, हा त्यामागचा हेतू. संरक्षक पोशाख असला तरी भेदरलेल्या प्राण्याचा दात लागू शकतो; शिवाय एरवी जिथे कोणी फिरकले नसते, त्या गुहेपासून शहरातील प्रयोगशाळेपर्यंत विषाणूला वाट करून देणारे शोधपथकच असते. १९६७ मध्ये युगांडातून आणलेल्या माकडांमुळे मारबुर्ग, फ्रँकफुर्ट आणि बेलग्रेड येथे ३१ जणांना अनोळखी विषाणूची बाधा झाली व ७ जण दगावले. तिथे तर विषाणू कोणी शोधतही नव्हते.

अमेरिकेच्या ‘प्रेडिक्ट’ प्रकल्पाने दशकभरात ९००हून अधिक नवे विषाणू नोंदवले. सस्तन प्राणी व पक्षी यांच्यात सुमारे १६.७ लाख अज्ञात विषाणू असावेत, असा २०१८ मधील अंदाज आहे. त्यांपैकी पुढची साथ कोणता आणेल, हे नुसत्या जनुकीय क्रमावरून, म्हणजे विषाणूच्या जनुकांतील घटकांच्या मांडणीवरून, खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी विषाणू प्रयोगशाळेत वाढवून तो मानवी पेशींत शिरतो का, हे तपासावे लागते. माझ्या मते खरी जोखीम जंगलापेक्षा या टप्प्यावर अधिक आहे. अपघाताची शक्यता तर असतेच. पण ‘हा घातक’ असा शिक्का मारून क्रम प्रसिद्ध केला, की तो वाईट हेतू असणाऱ्यालाही उपलब्ध होतो. पोलिओचा विषाणू केवळ क्रमाच्या आधारे कृत्रिमरीत्या बनवता येतो, हे २००२ मध्येच सिद्ध झाले आहे.

या शोधाचा उपयोग अजिबात नाही, असे नव्हे. रेमडेसिविर हे औषध वटवाघळांतील कोरोना विषाणूंवरही परिणाम करते, हे कोविडपूर्वी, २०१७ मध्येच दिसले होते, ते असे विषाणू हाताशी असल्यामुळे. मात्र झिका विषाणू १९४७ पासून माहीत असूनही २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये साथ पसरली, तेव्हा लस तयार नव्हती.

नमुन्यांवर हक्क कोणाचा, हाही प्रश्न उरतोच. आपण दिलेल्या विषाणूपासून बनलेली लस आपल्यालाच परवडणार नसेल, तर नमुने का द्यावेत, असे म्हणत इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूचे नमुने देणे थांबवले होते.

‘प्रेडिक्ट’नंतर आखलेला ‘डीप व्हीझेडएन’ हा तसाच विषाणू शोधण्याचा प्रकल्प २०२३ मध्ये गुंडाळला गेला. तोच पैसा प्राण्यांच्या सतत संपर्कात असणाऱ्या शिकाऱ्यांची, खाटकांची आणि पशुपालकांची रक्ततपासणी करण्यावर खर्च करता येईल, कारण त्यांच्या शरीरातील प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढण्यासाठी रक्तात तयार होणारी प्रथिने, कोणता विषाणू माणसापर्यंत आधीच पोहोचला आहे, हे सांगतात.