लॅनयार्डवरचं नाव: सब्लिमेशन की व्हिनाइल?

घरी लॅनयार्ड, म्हणजे ओळखपत्र गळ्यात अडकवायची पट्टी, करायला घेतलं की पट्टी, हुक आणि शिवण यांचं गणित लवकर जमतं. घोळ होतो तो नाव उमटवताना. सब्लिमेशन आणि हीट ट्रान्सफर व्हिनाइल या दोन्ही पद्धतींना सर्रास 'हीट प्रेसवाली छपाई' म्हटलं जातं, आणि एकीचं सामान दुसरीसाठी आणलं जातं. गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्हीकडे आधी शीट तयार करायची, दोन्हीकडे अक्षरं आरशातल्यासारखी उलटी घ्यायची आणि दोन्हीकडे ती शीट पट्टीवर ठेवून हीट प्रेसच्या, म्हणजे तापलेल्या पाटीने दाबणाऱ्या यंत्राच्या, मदतीने गरम दाब द्यायचा. बघणाऱ्याला एकच काम दिसतं, पण पट्टीवर घडतं ते अगदी वेगळं.

सब्लिमेशन म्हणजे आपण शाळेत शिकलेलं संप्लवन. कापूर वितळून पाणी न होता थेट वायू होतो, तसाच सब्लिमेशनच्या खास शाईने आधी कागदावर छापलेला रंग गरम झाल्यावर वायू होतो. साधारण १९० ते २०० अंश सेल्सिअसला, ४५ ते ६० सेकंदांत तो वायू पॉलिएस्टरच्या तंतूत शिरतो आणि थंड झाल्यावर तिथेच अडकून बसतो. कागदावर ही छपाई फिकी, मळकट दिसते. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं शाई संपत आली. प्रेस उघडून कागद उचलला की पट्टीवर खरा रंग झळकतो. हा क्षण मला अजूनही आवडतो.

व्हिनाइलमध्ये शाईच नसते. ती रंगीत, पातळ, बहुधा पॉलियुरेथेनची फिल्म असते आणि तिच्या मागे उष्णतेने चिकटणारा गोंद असतो. कटिंग मशीनने अक्षरं कापायची, नको असलेला भाग सुईच्या टोकाने उपटून काढायचा, उरलेलं पट्टीवर ठेवून दाबायचं. साध्या व्हिनाइलला १५० ते १६० अंश आणि १० ते १५ सेकंद पुरतात. अक्षरं धरून ठेवणारं वरचं पारदर्शक प्लास्टिक काही प्रकारांत गरम असतानाच सोलतात, काहींत पूर्ण थंड झाल्यावर. ते रोलवर लिहिलेलं असतं आणि ते पाळायलाच हवं.

तयार लॅनयार्ड हातात आलं तर ओळखायचं कसं? डोळे मिटून अक्षराच्या कडेवरून नख फिरवा. नखाला कड लागली तर व्हिनाइल. काहीच लागलं नाही, नुसती पट्टीची वीण जाणवली, तर बहुधा सब्लिमेशन. रंग धाग्यात गेला आहे की धाग्यावर बसला आहे, एवढा फरक लक्षात ठेवला की पुढचे निर्णय सोपे होतात.

सगळ्यात मोठा निर्णय पट्टीच्या धाग्याचा, आणि तिथे घाई करू नका असं मी कळकळीने सांगेन. सब्लिमेशनला पॉलिएस्टरच लागतं. सुती पट्टीवर रंग आधी बरा दिसतो, पण धरून ठेवणारा तंतूच नसल्यामुळे एक-दोन धुण्यांत विटतो. नायलॉनवर तो थोडाफार चढतो, पण कच्चा राहतो. आणि पॉलिप्रॉपिलीनची पट्टी तर प्रेसमध्ये घालूच नये. ती साधारण १६० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे सब्लिमेशनच्या तापमानाच्या कितीतरी आधी. मी एकदा 'पॉलिएस्टर' म्हणून मिळालेली पांढरी पट्टी तपासून न बघता प्रेसमध्ये ठेवली. मिनिटाने उघडलं तेव्हा पट्टी आक्रसून निम्मी झाली होती आणि कडेने कागदाला चिकटली होती. छापलेलं नाव त्या गोळ्यात कुठेतरी होतं.

तेव्हापासून मी दोन चाचण्या करते. पट्टीचा नखाएवढा तुकडा पाण्यात बुडवून, बोटांनी दाबून त्यातली हवा काढायची आणि सोडायचा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पॉलिएस्टर आणि नायलॉन बुडतात. दुसरा तुकडा चिमट्यात धरून, खिडकी उघडी ठेवून, मेणबत्तीवर धरायचा. सुती तुकडा कागदासारखा जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळत, काळा धूर सोडत जळतं आणि टोकाला कडक काळा मणी उरतो. नायलॉनही वितळतं, पण त्याचा मणी सहसा करडा किंवा तपकिरी दिसतो. मिश्र धाग्यात हा खेळ फसू शकतो, म्हणून खऱ्या पट्टीआधी तिच्याच तुकड्यावर एक छोटा ठिपका छापून बघा.

व्हिनाइल इतकं हट्टी नाही. सुती, पॉलिएस्टर, दोन्हींवर बसतं. नायलॉनसाठी खास गोंदाचं वेगळं व्हिनाइल घ्यावं लागतं. मात्र पट्टीच्या विणीकडे लक्ष द्या. आडव्या उठावदार रेघांच्या रिबनवर फिल्म रेघांच्या माथ्यावर टेकते आणि मधल्या खाचांवर अधांतरी राहते. बारीक अक्षरं तिथूनच सुटतात. साटिनसारखी सपाट पट्टी व्हिनाइलला जास्त मानवते.

दुसरा प्रश्न पट्टीच्या रंगाचा. सब्लिमेशनची शाई पारदर्शक असते आणि तिच्यात पांढरा रंग नसतो. निळ्या पट्टीवर पिवळं छापलं तर हिरवट दिसणार, काळ्या पट्टीवर काहीच दिसणार नाही. डिझाइनमध्ये जे पांढरं, ते पट्टीचा मूळ रंग म्हणूनच दिसतं. गडद पट्टीवर पांढरं नाव हवं असेल तर एक सरळ मार्ग आहे: पांढरी पॉलिएस्टर पट्टी घ्या, पूर्ण पार्श्वभूमी गडद छापा आणि अक्षरं कोरी सोडा. व्हिनाइल अपारदर्शक असतं, त्यामुळे गडद पट्टीवर थेट चालतं.

आता वापराचा विचार. टी-शर्टवर चालणारी गोष्ट लॅनयार्डवर चालेलच असं नाही. ही पट्टी दिवसभर मानेला घासते, हुकाच्या तोंडाशी दुमडते, पिळून खिशात कोंबली जाते. सब्लिमेशनच्या रंगाला दुमडण्याने काही होत नाही, कारण तडकायला थरच नाही. कडक उन्हात मात्र तो हळूहळू विटतो. व्हिनाइल आधी घडीवर तडकतं, मग कडेने उचकटतं. म्हणून व्हिनाइलचं नाव हुकाच्या शिवणीपासून निदान चार-पाच सेंटीमीटर वर ठेवा आणि मानेमागे येणाऱ्या भागावर काहीच लावू नका. २० मिलिमीटर रुंदीच्या पट्टीत दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर सोडून जाड, मोकळी अक्षरं घ्या. केसाएवढ्या रेषा असलेला सुलेखनी फॉन्ट उपटताना तुटतो, आणि वाचलाच तर पट्टीवर टिकत नाही.

घरी अडचण येते ती लांबीची. लॅनयार्डची पट्टी साधारण ९० सेंटीमीटर, आणि घरगुती प्रेसची पाटी ३८ सेंटीमीटरच्या आसपास. एकदोन नावं व्हिनाइलने लावायची असतील तर काही अडत नाही, तेवढाच भाग दाबायचा. पट्टीभर नक्षी सब्लिमेशनने छापायची तर ती तीन टप्प्यांत दाबावी लागते आणि जोडावर फिकी किंवा दुहेरी रेघ उमटते. नक्षीतच मोकळी जागा सोडून जोड तिथे आणणं हा मला सापडलेला बरा तोडगा. कागद उष्णता सोसणाऱ्या टेपने घट्ट बसवा, नाहीतर प्रेस उचलताना तो किंचित सरकतो आणि अक्षराला सावली येते. दाबण्याआधी कोरी पट्टी पाच-दहा सेकंद गरम करून तिच्यातला ओलावा काढणं दोन्ही पद्धतींत हिताचं.

प्रेस नसेल तर वाफ बंद ठेवलेल्या इस्त्रीने व्हिनाइल लावता येतं. सब्लिमेशन इस्त्रीने करू नका. वाफेच्या छिद्रांखाली उष्णता कमी पडते आणि रंग चट्ट्याचट्ट्यांनी चढतो. साध्या इंकजेट प्रिंटरची नेहमीची शाईही इथे कामाची नाही, ती उष्णतेने वायू होत नाही.

दोन्ही पद्धती एकाच पट्टीवर वापरायच्या असतील, म्हणजे नक्षी सब्लिमेशनची आणि नाव व्हिनाइलचं, तर क्रम चुकवू नका. सब्लिमेशन आधी, व्हिनाइल नंतर, कारण २०० अंशांचं पूर्ण मिनिट साध्या व्हिनाइलला सोसत नाही. आणि गडद नक्षीवर पांढरं नाव लावताना आणखी एक गोष्ट घडते. पट्टीत बसलेला रंग गरम होताच पुन्हा वायू होऊ लागतो आणि वरच्या फिल्ममध्ये चढतो. लाल नक्षीवरचं पांढरं नाव मग गुलाबी पडतं, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. विकतच्या लाल पॉलिएस्टर पट्टीवरही हेच होतं. त्यासाठी रंग अडवणारा थर असलेलं, १३० अंशांच्या आसपास चिकटणारं व्हिनाइल मिळतं. ते घ्या, वेळ मोजून दाबा, आणि एक तुकडा आठवडाभर पांढऱ्या कागदाशेजारी ठेवून बघा, पांढरं पांढरंच राहतंय का.