पोवळ्याचं झाड

सोलापुरात सराफाच्या पेढीवर मंगळासाठी पोवळं मागणारं गिऱ्हाईक नवं नाही. समुद्र पाहायचा तर इथून घाट उतरावा लागतो, पण त्याचा हा तुकडा आपल्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. नावाजलेलं लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं.

ते झाड आहे, असंच माणूस शतकानुशतकं समजत आला. आपले शब्दच साक्ष देतात: संस्कृतात ‘प्रवाल’ म्हणजे कोवळी पालवीसुद्धा, आणि ‘विद्रुम’मध्ये तर द्रुमच आहे. १७०६ मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं, तर त्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुलं उमलली. झालं, झाडच ठरलं! १७२० च्या दशकात मार्सेयचे डॉक्टर पेसोनेल यांनी तीच फुलं न्याहाळली. हात लागताच ती मिटायची. हे प्राणी आहेत, असं त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवलं. तिथले शास्त्रज्ञ रेओम्युर यांनी हे मत मांडताना पेसोनेल यांचं नावही सांगितलं नाही, इतकं ते विपरीत वाटलं. मला ही गोष्ट फार लागते. १७४० च्या दशकात निसर्ग-अभ्यासक त्रेंब्ले यांनी गोड्या पाण्यातला, वनस्पतीसारखा दिसणारा हायड्रा हा इवला जीव प्राणी असल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे वारं फिरलं.

पण झाड म्हणणारेही पुरते चुकले नव्हते. उबदार, उथळ पाण्यात समुद्रात खडकासारख्या भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांच्या, म्हणजे पोवळ्याच्या भाऊबंदांच्या, पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. १८८१ मध्ये कार्ल ब्रांट यांनी त्याला झूझॅन्थेला हे नाव दिलं. प्रवाळाचं बरंचसं अन्न उन्हावर तेच शिजवतं, रंगही बराचसा त्याचाच. आपण एप्रिल-मेमध्ये त्रेचाळीस अंश सोसतो; प्रवाळांना मात्र नेहमीच्या उन्हाळ्याहून एखादाच अंश जास्त तापलेलं पाणी काही आठवडे टिकलं की पुरे. शैवालाचं काम बिघडतं, त्यातून अपायकारक द्रव्यं तयार होतात आणि प्रवाळ त्याला बाहेर टाकतं. उरतो तो पांढरा सांगाडा दिसणारा, उपाशी जीव. पाणी वेळेत निवलं तर शैवाल परततं. १९९८ मध्ये लक्षद्वीपची प्रवाळं अशीच पांढरी पडून मोठ्या प्रमाणावर मेली. एप्रिल २०२४ मध्ये चौथं जागतिक विरंजन, म्हणजे जगभर प्रवाळं अशी पांढरी पडणं, जाहीर झालं.

अंगठीतल्या लाल पोवळ्याला हे शैवाल नसतं. ते अंधाऱ्या कपारींत वाढतं. तरी १९९९ च्या उन्हाळ्यात तापलेल्या पाण्याने फ्रान्स-इटलीच्या किनाऱ्यालगत त्याच्याही वसाहती मेल्या. त्याच्या फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरही वाढत नाही.