पेरणीच्या आधीचा विळा

शेतीचा 'शोध लागला' असं आपण शाळेपासून वाचत आलोय. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९३६ साली तिला 'नवाश्मयुगीन क्रांती' म्हटलं, आणि क्रांती म्हटली की कुठला तरी एक दिवस डोळ्यांपुढे येतो. पश्चिम आशियातल्या उत्खननांत तो दिवस काही सापडत नाही. सापडतं ते रोजचं काम: कापणं, कुटणं, दळणं, साठवणं.

इस्रायलमधल्या गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो-२ नावाची सुमारे २३ हजार वर्षांपूर्वीची वस्ती आहे. तिथं रानटी सातू-गव्हाचे जळके दाणे मिळाले, पिठाचे कण चिकटलेला दगड मिळाला, शिवाय धान्याची ताटं कापून चकाकी आलेली गारगोटीची पातीही. म्हणजे शेतीच्या दहा हजारांहून जास्त वर्षं आधी दळण होतं. (जातं नव्हे, ते फार उशिरा आलं, आपला पाटा-वरवंटा त्या दगडाचा जवळचा नातलग.) जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या चुलींत तर सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीचे करपलेले तुकडे निघाले. शेताचा पत्ता नाही आणि भाकरी तयार!

रानटी गव्हाची ओंबी पिकली की आपोआप झडते. विळ्यानं कापलेली पेंढी घरी येईपर्यंत झडणारे दाणे वाटेतच सांडतात, न झडणारे खळ्यापर्यंत पोचतात. त्यांतलेच दरवर्षी पेरले तर न झडणारा वाण वाढत जाणार. हिशेब सोपा वाटतो, पण नुसत्या विळ्यानं हे होत नाही. ओंब्या हिरवट असतानाच कापल्या तर दोन्ही प्रकारचे दाणे घरी येतात, आणि रानात सांडलेलं बी आपलं आपण उगवतच राहतं.

म्हणून मला विळ्यापेक्षा कणगी महत्त्वाची वाटते. जॉर्डनमधल्याच ध्रा इथं सुमारे ११,३०० वर्षांपूर्वीची कोठारं सापडली. ओल आणि उंदीर लागू नयेत म्हणून त्यांचा तळ जमिनीपासून उचललेला होता. आत धान्य होतं ते रानटीच. पण राखलेलं बी दुसऱ्या जागी नेऊन पेरता येतं. त्यानंतरही न झडणारा वाण सगळीकडे रुळायला एक-दोन हजार वर्षं गेली.

सीरियातल्या अबू हुरेरा या प्राचीन वस्तीत मिळालेल्या सांगाड्यांत या दळणाची खूण राहिली आहे, आणि ती मुख्यतः बायकांच्या हाडांत: गुडघे टेकून, पायाचे अंगठे दुमडून तासन्‌तास दळल्यामुळे झिजलेले अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि कंबर.