धार वेगळी, चाल वेगळी: सेफ्टी रेझरचं पहिलं ब्लेड निवडताना

गेल्या महिन्यात भाचा जुळे सोलापूरहून सकाळी सकाळी घरी आला. कॉलर मानेला लागू नये म्हणून शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती, आणि हनुवटीखालून कानापर्यंत लालभडक पट्टा.

"काय बे, मानेला काय करून घेतलास?"

"मामा, आजोबांच्या मशीननं दाढी केली. कापायला नको म्हणून दुकानात मुद्दाम कमी धारेचं ब्लेड मागून घेतलं की. तरी आग व्हायलीय."

खिडकीशी नेऊन नीट बघितलं. कापल्याची एकही रेघ नव्हती. पण सगळी मान सोलवटलेली, आणि त्या सोलवटलेल्या कातडीत खुंट तसेच उभे. म्हणजे ब्लेडनं केस सोडले होते आणि कातडी खरडली होती.

सेफ्टी रेझर, म्हणजे सुटं ब्लेड घालून वापरायचं हे दाढीचं मशीन, पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांची गफलत बहुतेक इथंच होते. धार कमी म्हणजे धोका कमी, असं धरून ते ब्लेड घेतात. पण धार हा ब्लेडचा एक गुण झाला. दुसरा गुण असतो तो चालीचा, आणि आपल्याला हवा असतो तो आराम बराचसा त्या चालीतून येतो. केस कापायला किती जोर लागतो, हे धारेवर ठरतं. कातडीवरून पातं कसं सरकतं, हे चालीवर. "हे ब्लेड मऊ चालतं" असं आपण म्हणतो तेव्हा चालीबद्दल बोलत असतो, आणि ऐकणारा मात्र ब्लेड बोथट असावं असं समजतो.

त्याला हे तोंडानं सांगून पटेना, म्हणून कपाटातून टॉवेल काढला. आपल्या गावात घरोघरी निघेल असा, फंद्यांचा सोलापुरी टॉवेल. त्याचा एक फंदा सुटून बोटभर वर आला होता. त्याला स्वयंपाकघरातली दुधाच्या पिशव्या कापायची कात्री दिली आणि म्हटलं, हा काप. त्या कात्रीनं धागा दोन पात्यांमध्ये चिमटला, दुमडला आणि ओढला. शेजारचे दोन फंदे त्याच्याबरोबर वर आले, धागा तुटला नाही तो नाहीच. मग शिवणाच्या डब्यातली कात्री दिली. टच् करून धागा खाली पडला, टॉवेल जागचा हलला नाही.

मानेवर हेच होतं. धार कमी पडली की पातं केसाला कापण्याआधी ओढतं. केस मुळाशी कातडीत रुतलेला असतो, त्यामुळे त्याच्याबरोबर कातडीही उचलली जाते आणि पात्याखाली येते. केस अर्धवट राहतो म्हणून आपण त्याच जागेवरून परत हात फिरवतो, या वेळी थोडं दाबून. भाच्याला विचारलं, मानेवरून किती वेळा फिरवलंस? सहा-सात वेळा, म्हणाला. त्याची आग त्या सहा-सात फेऱ्यांची होती.

सलूनमध्ये काय होतं ते आठवा. अख्खं ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवतात, दर गिऱ्हाइकाला नवा. म्हणजे दर वेळी ताजी, पुरेपूर धार. वर सेफ्टी रेझरला असतो तसा आडोशाचा दांताही तिथं नाही. तरी सुलटा हात, उलटा हात मारून आपण गुळगुळीत गालानं बाहेर पडतो, कारण त्या माणसाला दाबावंच लागत नाही. धारेची भीती बाळगणाऱ्यानं पुढच्या वेळी त्या खुर्चीत बसल्यावर त्याच्या मनगटाकडे बघावं.

आता चालीकडे. दोन धारांचं ब्लेड म्हणजे साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. एवढ्या पातळ पत्र्याला टिकाऊ धार लावणं हेच मुळात अवघड काम होतं. किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन माणसाच्या डोक्यात फेकून देण्याजोग्या ब्लेडची कल्पना 1895 मध्ये आली, पण विल्यम निकरसन या तंत्रज्ञानं पातळ पत्र्याला पाणी देऊन धार लावायची रीत बसवेपर्यंत ती कागदावरच राहिली. 1903 मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, 51 रेझर आणि 168 ब्लेडं खपली. पेटंट मिळालं 1904 मध्ये. तो सगळा खटाटोप धारेचा होता. चालीचा मोठा टप्पा त्यानंतर निम्म्याहून जास्त शतकानं आला. 1960 च्या दशकात गंज न धरणारं स्टेनलेस पोलाद आणि धारेवरचा लेप, या दोन गोष्टी दाढीच्या ब्लेडमध्ये रुळल्या. क्रोमियम किंवा प्लॅटिनमचा अतिशय पातळ थर कडेला टणक करतो, आणि त्यावर पीटीएफईचा थर असतो. घरातल्या नॉनस्टिक तव्यावर डोसा चिकटू नये म्हणून जो पदार्थ असतो, तोच हा. केसात शिरताना आणि कातडीवरून सरकताना पात्याचं घर्षण तो कमी करतो.

म्हणून दोन ब्लेडांची धार सारखी असूनही एक लोण्यासारखं फिरतं आणि दुसरं खरखरतं. लेप नीट बसलेला नाही, कड एकसारखी घासलेली नाही, अशी कारणं त्यामागे असतात. डोळ्यांनी यातलं काही दिसत नाही. पाकिटावरच्या शब्दांवरूनही कळत नाही: "स्टेनलेस" धातूबद्दल सांगतं, "प्लॅटिनम" लेपाबद्दल, आणि "सुपर" कशाबद्दलच नाही. कार्बन स्टीलची ब्लेडंही मिळतात, पण ती ओली राहिली की गंजतात. पहिल्या काही महिन्यांत त्यांच्या वाटेला जाऊ नये.

धार आणि चाल यांच्या जोड्या लावून बघितल्या की आपला चेहरा वाचता येतो. धार चांगली आणि चालही मऊ, तर बोलायला काही उरतच नाही. धार चांगली पण चाल खरखरीत असेल, तर केस ओढल्यासारखं वाटत नाही, गाल साफ होतो, पण टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उमटतात आणि पाणी लागलं की झोंबतं. धारही नाही आणि चालही नाही असं ब्लेड पहिल्याच हाताला कळतं. ते तिथंच काढून टाकावं, पाकीट संपवायच्या हट्टाला पेटू नये. खरा फसवा प्रकार चौथा, चाल मऊ पण धार कमी. ते फिरताना छान वाटतं, काही टोचत नाही, आणि नवशिक्या खूश होतो. मग हात फिरवून बघितलं की खुंट लागतात. परत साबण, परत हात, परत थोडा दाब. आग संध्याकाळी, घाम आल्यावर कळते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत तर ती चांगलीच कळते. भाच्याचं ब्लेड या जातीचं होतं.

परीक्षेसाठी तुरटीसारखं साधन नाही. दाढी झाल्यावर थंड पाण्यानं तोंड धुऊन ओल्या चेहऱ्यावरून तुरटीचा खडा फिरवा. गालावर काहीच लागलं नाही आणि मानेवर एका जागी चरचरलं, तर त्या जागी जास्त फेऱ्या झाल्या आहेत किंवा जास्त दाब पडला आहे. सगळ्या चेहऱ्यावर सारखंच चरचरलं, तर ब्लेडच्या चालीवर संशय घ्यायला जागा आहे. आणि तुरटी शांत, पण दोन तासांनी तळहाताला खुंट लागतायत, तर धार कमी पडली. हनुवटीच्या किंवा जबड्याच्या हाडावर रेघ ओढल्यासारखं कापलं असेल, तर मात्र दोष ब्लेडचा नसतो; तिथं कोन चुकला.

कोनाबद्दल थोडक्यात: आधी मशीनचं डोकं गालावर सपाट टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणत जा, पातं केसाला भिडलं की थांबा. पातं कातडीशी साधारण 30 अंशांत येतं. दाब शून्य, मशीनचं स्वतःचं वजन पुरतं. पहिले पंधरा दिवस फक्त केसांच्या रोखानं जा, उलटा हात नको.

ब्लेडच्या नावावर खपणारे दोष आणखीही असतात. एक मशीनचा. काही मशीनमध्ये पातं जास्त बाहेर डोकावतं, काहींत कमी. सुरुवातीला कमी डोकावणारं सौम्य मशीन आणि त्यात चांगल्या धारेचं ब्लेड, ही जोडी मला सगळ्यात बरोबर वाटते. लोक नेमकं उलटं करतात. दुसरा दोष ब्लेड तिरकं बसण्याचा. भाच्याचं मशीन तीन तुकड्यांचं होतं. ब्लेड घालून दांडा आवळला आणि डोकं समोर धरलं, तर एका बाजूनं पातं केसभर जास्त बाहेर. दांडा थोडा सैल केला, ब्लेड दोन्ही आखूड टोकांना चिमटीत धरून सरळ केलं, परत आवळलं, दोन्ही कडा सारख्या झाल्या. हे दहा सेकंदांचं काम न केल्यामुळे मशीनच्या एका बाजूनं त्याला खरडलं होतं आणि दुसरीनं केस सोडले होते.

तिसरं कारण आपल्या गावाचं, पाणी. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून बऱ्याच घरांत दाढी-आंघोळीला बोअरचं पाणी. ते जड असतं. त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की फेसाऐवजी चोथा होतो, आणि पातळ, कोरड्या फेसात उत्तम ब्लेडसुद्धा अडकतं. दाढीपुरतं तांब्याभर पाणी नळाचं बाजूला ठेवा. ते कोमट करा आणि त्यात भिजवलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं चेहऱ्यावर धरा. कडक भाकरी कोरडी मोडायला गेलं तर टोकं टोचतात, आमटीत भिजली की बोटानं तुटते. दाढीच्या केसाचंही तसंच आहे. पाणी प्यालेला केस कापायला कोरड्यापेक्षा कितीतरी कमी जोर लागतो, म्हणजे त्याच ब्लेडची धार तुम्हाला वाढल्यासारखी वाटते. मी तर म्हणेन, नवं ब्लेड आणायच्या आधी हे करून बघा.

मग आणायचं कुठलं? मी कुणालाही एक नाव सांगत नाही, कारण माझ्या राठ दाढीला जे लागतं ते विशीतल्या मऊ दाढीला लागेलच असं नाही. चार-पाच वेगवेगळी पाकिटं घ्यावीत. देशी ब्लेडं स्वस्त असतात, त्यामुळे हा प्रयोग परवडतो. सेव्हन ओ क्लॉक, टोपाझ, सुपरमॅक्स, विल्किन्सन ही आपल्याकडची ओळखीची नावं. परदेशी ब्लेडांत जपानचं फेदर धारेसाठी जगभर नावाजलेलं, आणि तुर्कस्तानचं डर्बी सौम्य म्हणून. हे दोन्ही टोकांचे नमुने म्हणून जरूर अनुभवावेत, पण फेदर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, हात हलका झाल्यावर. पहिल्या दिवशी मधलं काहीतरी.

प्रयोगाचा नियम एकच आणि तो कडक पाळायचा: बाकी काही बदलायचं नाही. तेच मशीन, तोच साबण, तेच पाणी, तितकेच हात. एका ब्लेडवर तीन दाढ्या, मग पुढचं. मत एका दाढीवर बनवू नये, कारण काही ब्लेडं पहिल्या दिवशी जरा तिखट लागतात आणि दुसऱ्या दिवशी बसतात. प्रत्येक वेळी वहीत तीन गोष्टी लिहायच्या: पहिल्या हाताला केस ओढला का, तुरटी कुठं लागली, संध्याकाळी खुंट किती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर धारेचं, दुसऱ्याचं बहुतेक चालीचं आणि हाताचं.

तीन ते पाच दाढ्यांनंतर ब्लेड टाकावं. पोलादासारखी गोष्ट मऊ केसानं कशी खराब होते, हा प्रश्न मला कित्येक वर्षं पडायचा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी 2020 मध्ये "सायन्स" या नियतकालिकात त्याचं उत्तर छापलं. केस ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे 50 पटींनी मऊ असतो, तरीही तो तिरका लागला आणि नेमका पोलादाच्या कमकुवत कणापाशी लागला, तर कडेचा सूक्ष्म टवका उडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हे घडताना पाहिलं. म्हणून मला वाटतं, जुनं होत चाललेलं ब्लेड सगळीकडून सारखं बोथट लागण्याऐवजी एखाद्या जागी अचानक अडकायला लागतं. तसं अडकलं की त्या दिवशीच बदला. आणि दाढी झाल्यावर धार कधीही टॉवेलनं पुसू नका. लेपही जातो आणि टॉवेलही. पाण्याखाली धरून झटकलं की पुरे.

वापरलेलं ब्लेड कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकू नका. घंटागाडीवर जे हात कचरा उचलतात आणि वेगळा करतात, त्यांना ते लागतं. रिकाम्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणाला एक फट पाडा, ब्लेडं त्यातून आत टाकत जा आणि झाकण पक्कं चिकटवून ठेवा. एवढ्याशा डब्यात कित्येक वर्षांची ब्लेडं मावतात.

भाच्याला मी आठ दिवस मशीन हातात घेऊ दिलं नाही, मान बरी होईपर्यंत. मग धारेचं ब्लेड, नळाचं कोमट पाणी आणि मानेवरून दोनच हात. परवा त्यानं वहीचं पान फोनवर पाठवलं. ब्लेड दुसरं, दाढी तिसरी. "केस ओढला नाही. तुरटी फक्त डाव्या कानाखाली. तिथं केस आडवे आहेत, हे मला आत्ता कळलं मामा."